मालगुजारी तलावांवरील चैत्र

वैनगंगेच्या खोऱ्यातील भातप्रदेशात, म्हणजे आजच्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत, वसंताची वर्दी पळसाचा फुलोरा देतो हे खरे. परंतु ज्या मासेमार ढिवरांचा चरितार्थ तेथील जुन्या तलावांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्यांची दृष्टी फाल्गुन लागताच झाडांच्या शेंड्यांकडे न वळता, ओल्या चिखलाची किनार सोडून पाणी किती हात मागे सरले आहे, याचाच अंदाज घेत असे. मासेमारीचा हंगाम कसा जाईल, हे जाळ्यापेक्षा त्या चिखलावरून अधिक कळे. आणि पाणी किती उरावे, हे ठरविणे मात्र ढिवराच्या हाती कधीच नव्हते.

हे तलाव निसर्गाने दिलेले नसून कोहळी समाजाच्या पाटलांनी बांधलेले आहेत. जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळेल, असा चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, गोंड राजांचा दंडक होता, असे परंपरा सांगते. आणि राजाश्रयाची ही गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, दोन टेकड्यांमधील खिंड मातीच्या पाळीने अडवून विस्तीर्ण जलाशय निर्माण करण्याची कोहळ्यांची विद्या निर्विवाद होती, याची साक्ष नवेगावबांध आणि सिवनी हे तलाव अद्याप देतात. नवेगावचा बांध घालणारा म्हणून ज्याचे नाव घेतात, तो कोलू पाटील लोकश्रद्धेत कोलासुर देव होऊन बसला आहे. स्थापत्यकाराला देवत्व देणारा समाज आपल्याकडे विरळाच म्हणावयाचा! पाळ, जादा पाणी वाहून नेणारी सलंग आणि शेतास पाणी सोडणारे तुडूम, एवढ्याच अंगांवर ही रचना उभी होती. हस्त नक्षत्र कोरडे गेले की लोंबीवर आलेले धान वाचविण्यासाठी तुडूम उघडावयाचे, हा तलावाचा मुख्य धर्म. त्यामागून कोहळ्यांच्या उसाचा हक्क. आणि या सर्वांचे देणे फिटल्यावर जे पाणी शेष राही, त्यात गुरे, धुणे, शिंगाडे आणि मासे यांनी वाटेकरी व्हावयाचे.

फाल्गुन-चैत्रात हे शेष पाणी उथळ होऊन तापू लागते. हिवाळी बदकांचे थवे उत्तरेकडे निघून गेलेले असतात, काठच्या गवतात आणि देवधानाच्या वाळल्या ताटांत सकाळच्या प्रहरी मासा चरावयास येतो, आणि ऊन चढताच पुन्हा मधल्या डोहाकडे वळतो. म्हणून ढिवराचा डोंगा पहाटेच पाण्यावर असे व दुपारी काठाशी विसावे. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, हे शास्त्र त्यास कोणी शिकविले नव्हते. पण मरळ ठरावीक अंतराने वर येऊन हवेचा घोट घेते आणि त्या क्षणी पाण्यावर उमटणाऱ्या वलयावरून तिचा ठाव लागतो, हे तो पुरतेपणी जाणून होता. लहान बोड्या, म्हणजे तळी, तर आटून त्यांत नुसता चिखलच राही; मरळ आणि मांगूर हे हवेवर तग धरणारे मासे त्या चिखलातही जिवंत राहात, आणि ते हातांनी चाचपून काढण्यात बायकामुलेही सामील होत. मोठ्या तलावाच्या डोहात उरलेला मासा मात्र पुढील वर्षाचे बीज होता: मृगाच्या सरींनी ओढे वाहू लागले की तोच चढणीला लागून आटलेल्या बोड्या पुन्हा नांदत्या करी.

मासेमारीच्या या उद्योगाचा दस्तऐवजांतील इतिहास फारसा समृद्ध नाही. इंग्रजी अमदानीत, १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाल्यानंतरच्या बंदोबस्तात सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांस गावांची मालकी मिळाली आणि तलावही त्यांच्या खाती लागले. सारा पक्क्या आकड्यांनी बांधला गेला, रयतेच्या निस्ताराची, म्हणजे सामाईक वापराच्या हक्कांची, आणि गावच्या रिवाजांची नोंद वाजिब-उल-अर्ज या गावदप्तरात झाली, परंतु ढिवराचे जाळे बहुधा मालगुजाराच्या मर्जीवर आणि वहिवाटीवरच तरंगत राहिले. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या जातिवृत्तांतात ढिवर समाजाची मासेमारी, पालखी वाहणे, पाणी भरणे आणि शिंगाड्याची लागवड अशी कामे सांगितली आहेत. ही कामे एकमेकांच्या आड येत असणार, हे उघड आहे; कारण मासे हाती लागण्याचे दिवस तेच लग्नसराईचे, आणि यजमानाची पालखी नाकारून डोंगा काढण्याइतकी मुभा सर्वांस असेल, असे मला वाटत नाही.

मालकी हक्क नष्ट करणाऱ्या १९५० च्या कायद्यान्वये ३१ मार्च १९५१ रोजी, म्हणजे ऐन वसंतात, तलाव सरकारजमा झाले. मालगुजार गेला, पण पाळीवर माती घालण्यास गावाला जुंपणारी त्याची सत्ताही त्याच्याबरोबर गेली, आणि ती जबाबदारी उचलणारा तितकाच निकटचा धनी पुढे लाभला नाही. तलाव गाळाने उथळ होत गेले. मासेमारीचा हक्क वहिवाटीतून निघून ठेक्यात आला; ढिवरांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या, ही त्यातील निःसंशय इष्ट गोष्ट.

ठेक्याची रक्कम भरावयाची तर झपाट्याने वाढणारा मासा हवा, आणि तो रोहू, कटला, मृगळ या जातींत सापडला. हे मासे नद्यांचे. शाकुंतलातील धीवराच्या जाळ्यात आलेला रोहित मत्स्यही तीर्थाच्या पाण्यातला होता, तळ्यातला नव्हे. साठविलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालीत नाहीत, त्यामुळे नदीतून धरून आणलेल्या बीजावाचून त्यांची शेती फारशी होत नसे. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांचे प्रजनन घडवून आणले, तेव्हा ही अडचण दूर होण्याचा मार्ग खुला झाला. पण दरवर्षी विकत आणून सोडलेल्या बीजाला डोहातील जुन्या बीजाची गरज नसते, आणि म्हणून चैत्रात काही मासा राखून ठेवण्याचे कारणही दुबळे झाले. काठावर बेशरम हे झुडूप माजले, देवधान हटले, आणि मरळीला पिले वाढवावयास लागणारा आडोसा गेला. अलीकडे गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगावच्या परिसरात ढिवर स्त्रीपुरुषांनी काही तलावांतील बेशरम उपटून तेथे स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत, आणि हे काम त्यांना उन्हाळ्यातच, पाणी ओसरून तळ उघडा पडल्यावर, म्हणजे एके काळी जे दिवस केवळ मासे धरण्याचे होते त्या दिवसांत, करावे लागते.