तूप, लाल मांस आणि संशयाचे माप

जयपुरात ‘लाल मांस’ हे एका पदार्थाचे नाव आहे. लाल मिरचीत शिजवलेले हे मटण राजपूत घराण्यांच्या स्वयंपाकघरांतून आले. वैद्यकीय नियतकालिकांत मात्र ‘लाल मांस’ ही एक वर्गवारी आहे. तिच्यात गोमांस, डुकराचे मांस, मेंढी आणि बोकड असे सारेच येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी या वर्गवारीचा मधुमेहाशी असलेला संबंध पुन्हा मांडला. २,१६,६९५ अमेरिकी परिचारिका, डॉक्टर व अन्य आरोग्य व्यावसायिकांची माहिती त्यांनी तपासली. काहींचा मागोवा तब्बल ३६ वर्षे घेतला गेला होता. सर्वाधिक लाल मांस खाणाऱ्या पंचमांश गटात टाइप-२ मधुमेहाचा धोका सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा ६२ टक्क्यांनी जास्त आढळला.

आक्षेप तत्काळ आले. गेल्या वर्षी आपण काय खाल्ले, हे कोणाला नेमके आठवते? शिवाय फार मांस खाणारा मनुष्य व्यायाम कमी करत असेल, धूम्रपान अधिक करत असेल, तर दोष मांसाचा कसा? हे आक्षेप रास्त आहेत. मात्र ते केवळ नावडत्या निष्कर्षांवरच घेतले जातात की आवडत्या निष्कर्षांवरही, हे पाहण्यासाठी राजस्थानातील तुपाचा इतिहास उपयोगी पडतो.

१९६७ मध्ये रेल्वेचे वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांच्या हृदयविकाराचा ताळेबंद मांडला. दक्षिण भारतीयांत हा विकार उत्तरेतील लोकांच्या सात पट आढळला. उत्तरेकडच्यांच्या आहारात मात्र चरबी कितीतरी पटींनी अधिक, आणि तीही मुख्यतः दुधातुपाची. प्राणिज चरबी हीच हृदयविकाराची जननी, असे पाश्चात्त्य वैद्यक सांगू लागले होते, त्या काळातली ही गोष्ट.

तीस वर्षांनी, १९९७ मध्ये, जयपूरचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. राजीव गुप्ता आणि त्यांचे सहकारी एच. प्रकाश यांनी राजस्थानच्या ग्रामीण भागातील १,९८२ पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. महिन्याला एक किलोहून अधिक तूप खाणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण कमी निघाले. तुपाचे समर्थक आजही या निष्कर्षाचा हवाला देतात, आणि त्यांच्यातील अनेकजण लाल मांसावरील संशोधन ‘निव्वळ सहसंबंध’ म्हणून झटकून टाकतात.

परंतु तुपाचा अभ्यासही निव्वळ सहसंबंधाचाच होता. ज्याच्या दावणीला म्हैस आहे तो तूप अधिक खातो, शेतात अधिक राबतो, आणि बहुधा घरचा सुस्थितही असतो. ज्याच्या छातीत एकदा कळ येऊन गेली त्याचे तूप डॉक्टर बंद करतात. मग ‘कमी तूप, जास्त आजार’ असे चित्र दिसते, पण कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झालेली असते. शिवाय हृदयविकाराने जे आधीच दगावले, ते अशा एकवेळच्या पाहणीत मोजलेच जात नाहीत.

जयपूरचा मांसाच्या वादाशी थेट संबंधही आहे. ‘प्युअर’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या भारतीय केंद्रांत या शहराचा समावेश होता. २०२१ मध्ये २१ देशांतील सुमारे १,३४,००० लोकांच्या माहितीवरून या गटाने सांगितले, की प्रक्रिया न केलेल्या लाल मांसाचा मृत्यू वा हृदयविकाराशी लक्षणीय संबंध दिसत नाही. प्रक्रिया केलेल्या मांसाचा मात्र दिसतो. हा अभ्यास मधुमेहाचा नव्हता, हे संशयवाद्यांनी लक्षात ठेवावे. आणि गरीब देशांत मांस परवडणारा माणूस अमेरिकेतील मांसाहाऱ्याहून अगदी वेगळा असतो, हे हार्वर्डच्या समर्थकांनी.

मग संशय मोजायचा कसा? धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंधही मुख्यतः निरीक्षणांतूनच सिद्ध झाला. पण तेथे फार सिगारेट ओढणाऱ्यांचा धोका वीसपट वा त्याहून अधिक होता. एवढी दरी एखाद्या नजरेआड राहिलेल्या सवयीने भरून निघत नाही. मांसाच्या बाबतीत आकडे लहान आहेत. २०२४ मध्ये २० देशांतील १९ लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा रोजच्या १०० ग्रॅम प्रक्रियाविरहित लाल मांसामागे मधुमेहाचा धोका सुमारे १० टक्के, तर ५० ग्रॅम प्रक्रियायुक्त मांसामागे सुमारे १५ टक्के अधिक आढळला. एवढा फरक जीवनशैलीतील अन्य भेदांतूनही उद्भवू शकतो. अल्पमुदतीच्या नियंत्रित चाचण्यांतही लाल मांसाने रक्तशर्करा स्पष्टपणे बिघडल्याचे दिसलेले नाही. अर्थात मधुमेह जडायला वर्षे लागतात आणि चाचण्या काही आठवड्यांत संपतात.

स्मरणाच्या चुकीचा आक्षेप मात्र वाटतो तितका सरळ नाही. मोजपट्टी कधी लांब, कधी आखूड दाखवत असेल, तर खरा संबंध सहसा पुसट होतो, ठळक नव्हे. हार्वर्डच्या गटाने तोलून नोंदवलेल्या आहाराशी प्रश्नावली ताडून पाहिली, तेव्हा संबंध अधिक तीव्र झाला. चुका एकाच दिशेच्या असतील तरच, म्हणजे सारेच आपले मांस लपवत असतील तर, गणित निराळे होते.

राजस्थानात सुमारे तीन चतुर्थांश लोक शाकाहारी असल्याचे २०१४ च्या सरकारी पाहणीत दिसले. तरीही जयपूरमध्ये या शतकाच्या आरंभी झालेल्या पाहणीत प्रौढांपैकी दहातल्या एकाहून अधिकांना मधुमेह होता. आयसीएमआरच्या २०२३ च्या अहवालानुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटींवर गेली आहे. यावरून लाल मांस निर्दोष ठरत नाही. एवढेच ठरते, की ज्या घरात मटण शिजतच नाही, तेथे मांसावरचा वाद निकाली निघण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. आयसीएमआरच्याच आहार-पाहणीनुसार भारतीयांना सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थ व साखरेतून मिळते. जयपूरच्या शाकाहारी घराने आधी तपासावे ते आपल्या ताटातील चुरमा, चहातील साखर आणि कमरेचा घेर.