तारण, पण गहाणाविना

मराठी ख्रिस्ती परिभाषेत पापापासून होणाऱ्या सुटकेला ‘तारण’ म्हणतात. पार होणे या अर्थाच्या ‘तॄ’ या संस्कृत धातूच्या प्रयोजक रूपापासून, म्हणजे पार नेणे या अर्थाने, हा शब्द आला असून व्यवहारात कर्जापोटी बँकेत ठेवलेल्या सोन्यालाही तेच नाव आहे. हा योगायोग मिश्किलच म्हणायचा, कारण ख्रिस्ती सिद्धान्तानुसार त्या तारणासाठी माणसाकडे तारण ठेवण्याजोगे काहीच नसते. ते निव्वळ कृपेने लाभते आणि विश्वासाने स्वीकारायचे असते.

‘कृपा’ या शब्दाच्या मुळाशी शोक व कळवळा सुचवणारा ‘कृप्’ धातू आहे, तर बायबलच्या नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘खारिस’ हा आनंदवाचक धातूशी जोडलेला आहे. ग्रीक-रोमन समाजात ‘खारिस’ म्हणजे सहसा पात्र माणूस पाहून केलेला आणि फेडीची अपेक्षा बाळगणारा उपकार. प्रेषित पौलाने तोच शब्द अपात्रालाही मिळणाऱ्या देणगीसाठी योजला. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पापाच्या मोबदल्यासाठी त्याने ‘ऑप्सोनिया’, म्हणजे सैनिकाचे वेतन, हा शब्द घेतला, तर सार्वकालिक जीवनाला ‘खारिस्मा’, म्हणजे कृपादान, म्हटले. वेतन कमवावे लागते, दान नव्हे, एवढा सूक्ष्म भेद दोन शब्दांत बसवणे हे पौलाचे भाषाकौशल्यच होय.

तारण कमवायचे की दान म्हणून स्वीकारायचे, याच प्रश्नावर पाचव्या शतकात धर्मचिंतक ऑगस्टीनने मानवी प्रयत्नांवर भर देणाऱ्या पेलॅजियसला विरोध केला आणि सोळाव्या शतकात धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर रोमच्या चर्चशी भिडला. त्या वादातील मूळ मुद्द्यांवर कॅथलिक व ल्यूथरन प्रतिनिधींनी 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्ग येथे संयुक्त जाहीरनाम्यावर स्वाक्षऱ्या केल्या.