चघळून उरलेलं क्रियापद

जपून पाय टाका. रस्त्यात रोवलेल्या या उंच दगडांवरूनच पलीकडे जायचं. खाली सांडपाणी वाहतंय, गाढवांची लीद पडलीय. पॉम्पेईत भर दुपार झालीय. फरसबंदीची धग पोटऱ्यांना लागतेय, भटारखान्यातली लाव्हादगडाची जाती घरघरतायत, आणि सगळ्यावर गारुमचा वास पसरलाय. मीठ घालून उन्हात मुरवलेल्या माशांचा हा रस. नाकाला झोंबेल, पण नाक मुरडू नका. इथे तो सगळ्याच पदार्थांत पडतो.

त्या कोपऱ्यावरच्या खानावळीत घुसा. कट्ट्यात तोंडापर्यंत रांजण बसवलेत, मागच्या चुलीवर मसूर रटरटतेय. श्रीमंत मंडळी घरी लोडाला रेलून जेवतात. तुम्ही मात्र घामेजलेल्या खांद्यांना खांदा लावून उभे आहात, कारण या लोकांच्या घरी चूलच नाही. हातात पडतो गोल पाव, वर आठ फोडींच्या खुणा. चावा घेताच जात्याची कच दाताखाली करकरते. हळूहळू, नीट चावावं लागतं.

शेजारचा हमाल भरल्या तोंडाने तुम्हाला म्हणतो, "मान्दुका!"

पुस्तकी लॅटिन शिकून आला असाल, तर खाणे म्हणजे 'एदेरे' हे तुम्हाला पाठ असेल. हमालाचं 'मान्दुकारे' म्हणजे मुळात चावणे, चघळणे. रोमन मिरवणुकांत मान्दुकुस नावाचं एक सोंग निघायचं, भला मोठा जबडा वासून दात कडकडा वाजवणारं. त्याच घरातलं हे क्रियापद. आणि ते फक्त हमालांचंच होतं असंही नाही. खुद्द सम्राट ऑगस्टसने तिबेरियुसला पत्रात कळवलंय की दिवसभराच्या उपासानंतर न्हाणीघरात आपण दोन घास 'चावले'.

'एदेरे'ची पंचाईत इथेच, या गोंगाटात कळते. त्याचं 'एस्त' हे रूप म्हणजे 'खातो'. आणि 'आहे' यालाही 'एस्त'च. फरक स्वराच्या लांबीचा. मालकीण ओरडतेय, भांडी आपटतायत, बाहेर गाडीची चाकं खडखडतायत. ती लांबी ऐकणार कोण? 'मान्दुकारे' मात्र या कलकलाटातही स्वच्छ ऐकू येतं. मला या शब्दाचं फार अप्रूप आहे. दरबारी वक्त्यांनी त्याला थारा दिला नाही. उभ्याने जेवणाऱ्यांनी तो जगवला.

तोच घास तोंडात ठेवून शतकं ओलांडा. नेपल्सच्या गल्लीत आई पोराच्या मागे ताट घेऊन धावतेय : 'मान्जा!' पॅरिसमध्ये 'मांजे', बार्सिलोनात 'मन्जा', पार बुखारेस्टला 'मिंका'. पॉम्पेईतल्या त्या खानावळीतली चावण्याची मेहनत आता कुणाला आठवत नाही; नुसतं खाणं उरलंय.

माद्रिद आणि लिस्बनला मात्र तुम्ही गोंधळाल. तिथे 'कोमेर' म्हणतात. तिथल्या लोकांनी 'कोमेदेरे' उचललं, म्हणजे 'एदेरे'ला 'कोम' हा उपसर्ग लावून केलेलं 'खाऊन फस्त करणे'. पुढे बोलता बोलता मधला 'द' गळला, स्वर एकमेकांत मिसळले. लिस्बनमध्ये भाजलेल्या सार्डिन माशांवर लिंबू पिळत माणसं आज जे 'कोमेर' म्हणतात, त्यात उपसर्ग आहे, शेवटचा प्रत्यय आहे. खाण्याचा मूळ धातू तेवढा नाही.