स्ट्रॅटेजी गेमच्या मोफत चाचणी आवृत्त्या : जोयड्यात ‘मोफत’ म्हणजे काय?

‘रिअल टाइम स्ट्रॅटेजी’ हा संगणकीय खेळाचा एक जुना आणि प्रतिष्ठित प्रकार आहे. बुद्धिबळात एकाने चाल केल्यावर दुसरा थांबून विचार करतो. या खेळात मात्र दोन्ही पक्षांचा काळ एकाच वेळी चालू असतो. खेळाडू लाकूड, अन्न, सोने गोळा करतो, वस्ती वसवतो, सैन्य उभारतो आणि त्याच क्षणी प्रतिपक्षही तेच करीत असतो. अणशी घाटात पावसाळी धुक्यामुळे पुढचे वळण दिसू नये, तसा नकाशाचा न पाहिलेला भाग झाकलेला असतो. तेथे टेहळ्या पाठवावा लागतो. वेस्टवूड स्टुडिओजच्या ‘ड्यून २’ने १९९२ मध्ये या प्रकाराचा साचा घडविला. पुढे ‘वॉरक्राफ्ट’ (१९९४), ‘कमांड अँड काँकर’ (१९९५), ‘एज ऑफ एम्पायर्स’ (१९९७) आणि ‘स्टारक्राफ्ट’ (१९९८) यांनी तो जगभर पोहोचविला.

हे खेळ विकत घेण्यापूर्वी पारखता यावेत म्हणून निर्माते त्यांचा काही भाग विनामूल्य देतात. त्यालाच चाचणी आवृत्ती, ट्रायल किंवा डेमो म्हणतात. मात्र जेथे इंटरनेट जपून वापरावे लागते, तेथे ‘मोफत’ या शब्दाचा अर्थ बदलतो. गोव्याच्या सीमेला लागून असलेला जोयडा तालुका त्याचे बोलके उदाहरण आहे. अनमोड आणि कॅसलरॉक ही गोवेकरांच्या परिचयाची ठिकाणे याच तालुक्यात येतात. नोकरी-शिक्षणासाठी गोव्यात असलेला तरुण चतुर्थीला लॅपटॉप घेऊन गावी जातो, तेव्हा कोणता मोफत खेळ घरी चालेल आणि कोणता नुसताच पडद्यावर गोल फिरत राहील, हा प्रश्न व्यवहाराचा ठरतो.

सीडीच्या काळातील डेमो

गेल्या शतकाच्या अखेरीस डेमो ही स्वतंत्र, पूर्ण वस्तू असे. ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या चाचणी आवृत्तीत हिटाइट राज्यावरील छोटी मोहीम होती आणि ती मूळ खेळात नव्हती. ‘स्टारक्राफ्ट’च्या डेमोत मुख्य कथानकाच्या आधीच्या घटना सांगणाऱ्या तीन कामगिऱ्या होत्या. म्हणजे नमुना म्हणून दिलेला घास ताटातल्या पदार्थाहून निराळा, तरी चवीचा अंदाज देणारा होता.

५६ केबीपीएसच्या मोडेमवर ३० एमबीची फाइल उतरवायला आदर्श स्थितीतही सव्वा तास लागे आणि मध्येच फोन आला की सारे मुसळ केरात. म्हणून भारतात डेमो पसरले ते मासिकांच्या सीडींमधून. मुंबईहून २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘डिजिट’सारख्या संगणकविषयक मासिकांसोबत सीडी मिळे. एका सीडीत साधारण ६५० ते ७०० एमबी माहिती मावते. ती एकदा हाती आली की नोंदणी नको, नेटवर्क नको. मित्राकडेही देता येई.

डेमोची एक मर्यादा तेव्हापासून आजपर्यंत कायम आहे. त्यात निर्मात्याला दाखवायचे तेवढेच दिसते. २००९ च्या ‘एम्पायर : टोटल वॉर’मध्ये मोहिमेची आखणी पाळीपाळीने आणि लढाया प्रत्यक्ष वेळेत होतात. या खेळात मराठा सत्ता निवडून खेळता येते, त्यामुळे मराठी खेळाडूंना त्याचे कुतूहल होते. त्याच्या डेमोत मात्र दोनच लढाया होत्या : अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील ब्रँडीवाइनची आणि लागोसची सागरी. मराठ्यांच्या फौजा पाहण्यासाठी पूर्ण खेळच घ्यावा लागे.

आजचे प्रकार

आज ‘मोफत’ या नावाखाली किमान पाच निरनिराळ्या गोष्टी मिळतात.

पहिला प्रकार, मर्यादित डेमो. ‘स्टीम’ या विक्रीमंचावर वर्षातून तीनदा भरणाऱ्या ‘नेक्स्ट फेस्ट’मध्ये आगामी खेळांचे डेमो काही दिवस खुले असतात. ‘स्टॉर्मगेट’ हा स्ट्रॅटेजी गेम फेब्रुवारी २०२४ मध्ये असाच लोकांपुढे आला.

दुसरा, मोफत पायाभूत आवृत्ती. ‘स्टारक्राफ्ट २’ची पहिली संपूर्ण मोहीम नोव्हेंबर २०१७ पासून विनामूल्य आहे. ‘एज ऑफ एम्पायर्स ३’च्या सुधारित आवृत्तीचीही ऑगस्ट २०२३ मध्ये मोफत आवृत्ती आली, तीत मोजक्याच संस्कृती खुल्या असतात आणि त्या आलटून पालटून बदलतात.

तिसरा, वर्गणीची चाचणी. ठरावीक दिवस मोफत किंवा नाममात्र दरात, त्यानंतर पूर्ण शुल्क. येथे कार्ड वा यूपीआयची नोंद आधीच मागितली जाते.

चौथा, परतावा. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळले असल्यास पैसे परत मागता येतात. पण स्ट्रॅटेजी गेमचा एकेक डाव अर्धा-पाऊण तास चालतो, त्यामुळे दोन तासांत जेमतेम तीन डाव होतात. हा प्रकार शिकायला वेळ घेतो, तेव्हा ही मुदत तोकडी पडते.

पाचवा, मुक्त परवान्याचा खेळ. तो चाचणी नसून पूर्ण खेळच असतो. त्याविषयी पुढे.

‘मोफत’चा हिशेब

जोयडा तालुक्याचा मोठा भाग जंगलाने व्यापलेला आहे. दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. २०१५ मध्ये त्याला काळी नदीचे नाव मिळाले. तालुक्याचे पूर्वीचे मुख्य ठिकाण असलेले सुपा गाव धरणाच्या पाण्याखाली गेले. उरलेल्या वाड्या डोंगरदऱ्यांत विखुरलेल्या आहेत. अशा भूभागात मोबाईल मनोरे विरळ आणि अनेक ठिकाणी रेंजसाठी टेकडी गाठावी लागते.

आता आकडे पाहू. ‘स्टारक्राफ्ट २’साठी सुमारे ३० जीबी जागा सांगितली जाते, ‘एज ऑफ एम्पायर्स ४’साठी ५० जीबी. दिवसाला २ जीबी डेटा देणाऱ्या रिचार्जवर ३० जीबी उतरवायचे तर पंधरा दिवस घरातील दुसऱ्या कोणी फोन वापरता कामा नये. वेग २ एमबीपीएस धरला, तर ३० जीबीला अखंड तेहेतीस तास लागतात. मुलांच्या अभ्यासाचा, बँकेच्या कामाचा आणि परगावच्या माणसाशी बोलण्याचा डेटा त्यातच असतो. खेळ रुपयांत मोफत असला तरी त्याची किंमत घराने मोजलेली असते.

उतरविणे महाग असले तरी खेळणे तसे नसते. शेकडो सैनिक पडद्यावर धावत असताना त्या प्रत्येकाची जागा नेटवरून पाठविली जात नाही. प्रत्येक खेळाडूचा संगणक तीच लढाई स्वतःच मांडतो आणि नेटवरून जातात त्या फक्त आज्ञा : ‘ही तुकडी तेथे हलवा’, ‘येथे कोठार बांधा’. ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या अभियंत्यांनी १९९७ मध्ये याच पद्धतीने २८.८ केबीपीएसच्या मोडेमवर आठ खेळाडूंचा डाव शक्य केला. म्हणून डेटा थोडाच खर्च होतो. पण या पद्धतीत सर्वांचे संगणक एकमेकांच्या पावलाला पाऊल जुळवून चालतात. एकाची रेंज गेली की सगळ्यांचा डाव अडखळतो. वेग कमी असला तरी चालेल, सातत्य मात्र हवे. ते नसेल तेथे संगणकाशीच खेळता येणारा, नेटविना चालणारा खेळ निवडावा.

खरोखर मोफत असलेले खेळ

या कसोटीवर मुक्त परवान्याचे खेळ सर्वांत सरस ठरतात. ‘झिरो ए. डी.’ हा प्राचीन काळावरील खेळ वाइल्डफायर गेम्स या स्वयंसेवकांच्या गटाने घडविला आहे. त्यात मौर्य साम्राज्य आहे, चंद्रगुप्त आणि अशोक आहेत, बांधकामाला हातभार लावणारे हत्तीही आहेत. ‘वॉरझोन २१००’ हा मूळचा १९९९ मधील व्यावसायिक खेळ. २००४ मध्ये त्याचा स्रोत खुला झाला आणि तेव्हापासून स्वयंसेवक तो सांभाळतात. ‘ओपन आरए’मुळे ‘कमांड अँड काँकर’ आणि ‘रेड अलर्ट’ हे जुने खेळ आजच्या संगणकांवर चालतात. या दोन्ही खेळांच्या मूळ आवृत्त्या त्यांच्या मालक कंपनीनेच अनुक्रमे २००७ आणि २००८ मध्ये विनामूल्य केल्या होत्या.

अशा खेळांची प्रत काढणे आणि दुसऱ्याला देणे परवान्याने मान्य असते. मडगाव, कारवार किंवा दांडेलीत चांगल्या वायफायवर एकाने उतरविलेला खेळ पेन ड्राइव्हने साऱ्या वाडीत पोहोचू शकतो. एक साधा राउटर असला तर इंटरनेट नसतानाही एका खोलीतील चार संगणक जोडून डाव मांडता येतो. सीडीच्या काळातील देवघेवीचा मोकळेपणा येथे कायद्याच्या चौकटीत परत मिळतो.

व्यावसायिक खेळाची ‘क्रॅक’ केलेली प्रत मात्र याच्या उलट. ती बेकायदा असतेच, शिवाय तिच्यासोबत घातक प्रणाली संगणकात शिरू शकते. ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होतात, त्यावर ही जोखीम घेऊ नये.

घेण्यापूर्वी पाहण्याच्या गोष्टी

१. खेळ नेटविना सुरू होतो का? काही मोफत आवृत्त्यांना अधूनमधून लॉग इन करावेच लागते. गावी नेण्याआधी विमानमोड लावून एकदा खेळून पाहावे.

२. उतरविण्याचा आकार किती आणि नंतरच्या सुधारणांचा किती? आपोआप होणारे अपडेट बंद ठेवावेत.

३. पेन ड्राइव्ह ‘फॅट ३२’ पद्धतीचा असल्यास ४ जीबी वा त्याहून मोठी एकच फाइल त्यावर मावत नाही. मोठ्या फाइलसाठी तो ‘एक्सफॅट’मध्ये फॉरमॅट करावा, त्याआधी त्यातील सामग्री दुसरीकडे काढून ठेवावी.

४. कार्ड वा यूपीआय मागितले आहे का? रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून आवर्ती रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. पण रेंज नसलेल्या वाडीत ती सूचना वेळेत वाचली जाईलच असे नाही. तेव्हा चाचणी सुरू केल्याच दिवशी नूतनीकरण रद्द करून ठेवणे शहाणपणाचे. बहुतेक ठिकाणी उरलेले दिवस तरीही वापरता येतात. तशी अट वाचून घ्यावी.

५. खाते कोणाच्या नावे? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले असून तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती अपेक्षित आहे. मुलाचे वय खोटे टाकून खाते उघडू नये.

६. पैसे लावण्याचा काही भाग आहे का? २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांवर खेळायच्या खेळांना बंदी घातली आहे. स्ट्रॅटेजी गेम विकत घेणे किंवा त्याची वर्गणी भरणे त्यात मोडत नाही. जिंकल्यास रोख देण्याचे आमिष दाखवून प्रवेशशुल्क मागणाऱ्या खेळापासून मात्र दूर राहावे.

या सहा प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर निवड सोपी होते. अखंड नेट असलेल्या पणजीतील घरात मोठ्या कंपनीची मोफत आवृत्ती सोयीची ठरेल. जोयड्याच्या वाडीत मात्र एकदा उतरविला की आपला झालेला, नेटविना चालणारा आणि शेजाऱ्याला उघडपणे देता येणारा खेळच मोफत म्हणावा.