युनिक्सवरील दीर्घजीवी आज्ञावली : एक टिपण

युनिक्स प्रणालीत पडद्याआड अखंड चालणाऱ्या आज्ञावलीस ‘डीमन’ म्हणतात. हे नाव काही इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून सिद्ध झाले, अशी व्युत्पत्ती पुष्कळदा दिली जाते. ती ग्राह्य धरता येत नाही. मॅसॅच्युसेट्स येथील एम. आय. टी. मध्ये १९६३ साली सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट मॅक’मधील मंडळींनी ही संज्ञा योजिली, व ती मॅक्सवेलच्या विचारप्रयोगातील, रेणूंची अविश्रांत निवड करणाऱ्या कल्पित द्वारपालावरून घेतली, असे फर्नांडो कोर्बातो यांनी स्वतःच सांगितले आहे. तेव्हा मराठीत तिला ‘राक्षस’ म्हणणे अन्यायाचे होईल. सांगितले काम मुकाट्याने करणारा वेताळ त्याहून जवळचा.

बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्सचा आरंभ केला. तेथे शेल नवी प्रक्रिया निर्माण करतो व ती संपेपर्यंत थांबतो. आज्ञेच्या शेवटी अँपरसँडचे चिन्ह दिल्यास तो थांबत नाही, एवढाच काय तो फरक. १९७१ च्या पहिल्या नियमपुस्तिकेत हे चिन्ह आढळते.

परंतु पार्श्वभूमीवर जाणे निराळे आणि टिकून राहणे निराळे. त्या काळी टर्मिनल अनेकदा दूरध्वनीच्या तारेने जोडलेले असे. तार तुटली की ‘हँगअप’ हा पहिल्या क्रमांकाचा संकेत त्या टर्मिनलच्या प्रक्रियांना जाई, व त्या मरत. ‘नोहप’ ही आज्ञा तो संकेत दुर्लक्षित करण्यासाठीच निघाली. मौज अशी की, ज्या डीमनांना टर्मिनलच उरले नाही, त्यांच्याबाबतीत हा मृत्युसंकेत निरुपयोगी ठरला; म्हणून पुढे त्याला ‘मांडणीची संचिका पुन्हा वाचा’ असा अगदी उलट अर्थ देण्यात आला! टर्मिनलशी संबंध तोडण्याची ‘सेटसिड’ ही रीत १९८८ च्या पॉसिक्स मानकात आली.

मनुष्य निघून गेल्यावर त्याच्या प्रक्रियेवर हक्क कोणाचा, हा प्रश्न मात्र मिटला नाही. मे २०१६ मध्ये लिनक्सवरील ‘सिस्टमडी’च्या २३० व्या आवृत्तीने, वापरकर्ता बाहेर पडताच त्याच्या उरलेल्या प्रक्रिया संपविण्याचा मूलनियम केला. ‘नोहप’वर विसंबलेल्यांनी आक्षेप घेतला, व डेबियनने आपल्यापुरता तो नियम फिरविला.