शनिवारवाडा : वास्तू आणि एका खुनाची स्मृती

पेशवा पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी पुण्यात शनिवारवाड्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी त्याची वास्तुशांत झाली. त्यानंतर सुमारे ८५ वर्षे मराठी राज्याच्या कारभारातील मोहिमांचे बेत, तहांच्या वाटाघाटी आणि पेशवे घराण्यातील मंगलकार्ये या वाड्याने पाहिली. तरीही लोकमानसात त्याची ओळख उरली आहे ती ३० ऑगस्ट १७७३ च्या दुपारची.

त्या दिवशी, ऐन गणेशोत्सवात, थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी, म्हणजे पाश्चात्त्य धर्तीची कवाईत शिकलेले पगारी बंदूकधारी पायदळ, त्यांच्यातील सुमेरसिंगाच्या पुढाकाराने वाड्यात शिरले. अवघ्या अठरा वर्षांचा पेशवा नारायणराव जीव वाचवण्यासाठी वाड्यातच नजरकैदेत असलेल्या चुलत्याकडे, रघुनाथरावाकडे, धावला आणि त्याला बिलगलेला असतानाच मारला गेला; त्याच्या अंगावर पडून वार झेलणारा सेवक चाफाजी टिळेकर हाही त्याच जागी ठार झाला. अमावस्येच्या रात्री वाड्यात ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते, ही पुण्यातील समजूत या प्रसंगावर उभी आहे.

एखाद्या वास्तूत मृत्यू घडला म्हणून ती वास्तू त्याची भावना आपोआप धरून ठेवते असे मानावे, तर याच वाड्यातील दुसरा मृत्यू त्याला छेद देतो. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव पेशवा वरच्या मजल्यावरून कारंज्यावर कोसळला आणि दोन दिवसांनी वारला. तो अपघात होता की आत्महत्या, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. तरुण वय, वास्तू आणि पद सारखेच असूनही त्याची हाक कोणी ऐकल्याचे सांगत नाही, कारण त्याच्या मृत्यूत दाद मागणारा आणि ती नाकारणारा अशी जोडी नव्हती.

नारायणरावाच्या बाबतीत ती होती आणि न्यायही अपुरा राहिला होता. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी, खुनानंतर पेशवा झालेल्या रघुनाथरावाला दोषी ठरवले आणि नाना फडणीस, सखारामबापू आदी मुत्सद्द्यांच्या ‘बारभाई’ नावाच्या संयुक्त मंडळाने त्याला सत्तेवरून दूर केले. परंतु त्याने १७७५ मध्ये सुरतेच्या तहाने इंग्रजांचा आश्रय घेतला आणि पुढे १७८३ मध्ये कोपरगावी त्याला नैसर्गिक मृत्यू आला. रघुनाथरावाने गारद्यांना दिलेल्या पत्रातील ‘धरावे’चे ‘मारावे’ करून त्याची पत्नी आनंदीबाई हिने हा खून घडवला, ही पुराव्याने सिद्ध न झालेली कथाही, शिक्षेवाचून राहिलेल्या अपराधाला एक ठळक अपराधी मिळवून देण्याच्या गरजेतूनच रुजली असावी. १९०९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ नाटकाने हाच विषय नव्या पिढीपुढे ठेवला.

वास्तूच्या नाशाचाही या स्मृतीला हातभार लागला. नोव्हेंबर १८१७ मध्ये वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले आणि २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत, जी काही दिवस धुमसत राहिली, आतील लाकडी महाल, दिवाणखाने व नक्षीकाम नष्ट झाले. ज्या दालनांमुळे दरबाराचा थाट आणि घरातील रोजचे जगणे डोळ्यांपुढे उभे राहिले असते ती अशा रीतीने गेली. उरले ते तट, बुरूज, जोती, कारंज्यांचे हौद आणि दरवाजे, ज्यांपैकी एकाला, त्यातून नारायणरावाचा मृतदेह बाहेर नेल्याच्या परंपरेमुळे, नारायण दरवाजा म्हणतात. दरबार कसा भरत असे हे समजण्यासाठी आज नकाशे आणि दप्तरे लागतात, तर खुनाची कथा सांगायला तो दरवाजा दाखवणे पुरते.

शनिवारवाड्याच्या वातावरणाचे श्रेय म्हणूनच केवळ दगडमातीला देता येत नाही. न फिटलेला अन्याय, तो बोलका ठेवणारी कथा आणि त्या कथेला दुसरी आठवण आडवी येऊ न देणारे अवशेष या तिन्हींच्या मेळाने ते घडले आहे, आणि म्हणूनच कारभाराची ८५ वर्षे एका दुपारीमागे झाकली गेली.