नळीवरचे नाव

इतिहास म्हणजे कागद, असे राजवाड्यांच्या काळापासून आपण मानीत आलो आहो, आणि ते बहुतांशी खरेच आहे. परंतु ज्याने आयुष्यभर लेखणीपेक्षा कानसच अधिक हाती धरली, त्याचे चरित्र कोठे शोधावे? विजापूरच्या मुलूखमैदान तोफेवर ती ओतणाऱ्या महंमद बिन हुसेन रूमीचे नाव कोरलेले आहे, म्हणून १५४९ सालच्या त्या कारागिराची ओळख तरी आपणांस उरली. नाव कोरलेले सापडले की संशोधकाचे काम संपले, असे आम्हांसही एके काळी वाटे. हॅरी मेलव्हिल पोप या अमेरिकन बंदूक-कारागिराची हकीगत वाचल्यावर तो भ्रम गेला.

पोप १८६१ साली न्यू हॅम्पशायरमध्ये जन्मला. तो निव्वळ लोहार नव्हे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा पदवीधर. हार्टफर्ड येथे आप्ताच्या बायसिकलच्या कारखान्यात नोकरी करून उरल्या वेळात तो बंदुकीच्या नळ्या करू लागला. त्या काळी अमेरिकेत जर्मन वसाहतवाल्यांच्या नेमबाजीच्या मंडळ्या गावोगाव होत्या. उभे राहून २०० यार्डांवरचा नेम मारावयाचा, अशी त्यांची रीत. या मंडळींस हवी तशी नळी कारखान्यांत मिळेना, ती पोपकडे मिळे.

नळीच्या आत तो आठ मळसूत्री खाचा पाडी, आणि त्यांचा पीळ मागून पुढे क्रमाक्रमाने घट्ट होत जाई. दारूचे काडतूस मागून भरावयाचे, गोळी मात्र तोंडाकडून खाली सारावयाची. हा खटाटोप कशासाठी? मागून घातलेली गोळी उडताना खाचांत घासून तिच्या बुडाशी शिशाचे पापुद्रे निघतात. बूड वेडेवाकडे झाले की बाहेर पडताना वायूचा झोत एका अंगाने आधी सुटतो आणि गोळी कलते. पुढून सारलेल्या गोळीचे बूड स्वच्छ राहते. प्रत्येक नळीबरोबर तिच्याच मापाचा गोळीचा साचाही तो देई. १९०१ साली कोलोरॅडोतील रोलंड या नेमबाजाने पोपच्या नळीतून २०० यार्डांवर दहा गोळ्या मारल्या. त्या पाऊण इंचाहूनही थोड्या जागेत बसल्या. आमच्या टेबलावरील दऊतही याहून मोठी आहे!

त्याच साली स्टीव्हन्स या मोठ्या कंपनीने पोपला आपल्याकडे घेतले, आणि येथून संशोधकाची अडचण सुरू होते. नळ्यांवर 'स्टीव्हन्स-पोप' असा छाप पडू लागला. १९०५ साली पोप कंपनी सोडून गेला. छाप मात्र तेथेच राहिला व पुढेही विकला जात राहिला. म्हणजे ज्या नळीवर पोपचे नाव ठळक, तिला त्याचा हात लागलाच असेल असे नाही. मालकाने नाव विकत घेतले, पण त्या नावातील मनुष्य निघून गेला होता. आमच्या मते या चरित्रातील खरी करुण गोष्ट हीच होय. पुढे आले ते केवळ दुर्दैव. १९०६ साली त्याने सॅन फ्रान्सिस्कोत दुकान थाटले न थाटले तोच एप्रिलच्या भूकंपाने व आगीने त्याची राखरांगोळी केली.

शेवटी जर्सी सिटीत त्याने बस्तान बसविले. तेथील पाटीचा मतलब असा होता, की अमुक दिवशी माल देण्याचे वचन मिळणार नाही. काम नीट झाले म्हणजे न्यावे, नपेक्षा दुसरीकडे जावे. गिऱ्हाईक तरीही थांबे. पहिल्या महायुद्धात जर्मनांविषयी द्वेष उसळल्याने नेमबाज मंडळ्यांस ओहोटी लागली, तरी म्हाताऱ्याचे काम थांबले नाही. १९५० साली तो वारला.

त्याच्या नळ्यांविषयीचा रे स्मिथ यांचा ग्रंथ त्यानंतर दहा वर्षांनी, १९६० साली निघाला. पोपची अस्सल नळी ओळखू पाहणाऱ्याने प्रथम छाप पाहावा हे खरे. परंतु मग तिच्या आत दिवा धरून खाचाही पाहाव्या.